स्वस्त आहे, पण मिळत नाही

पिंपरीत राहणाऱ्या माणसाला ‘एच.ए.’ म्हणजे कुठे, हे सांगावं लागत नाही. एच.ए. कॉलनी, एच.ए. ग्राउंड, एच.ए.ची शाळा. रिक्षावाल्याला एवढं म्हटलं की पुरतं. पण ही दोन अक्षरं कशाची, हे माझ्या वयाच्या किती जणांना ठाऊक आहे, याबद्दल मला शंका आहे. कॉलेजातल्या एका मित्राला बरीच वर्षं वाटत होतं की ही विमानं बनवणारी कंपनी. नावातला गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण विमानवालीही ‘हिंदुस्तान’च आणि तिचंही आद्याक्षरी नाव तेच. आपली पिंपरीची एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारनं काढलेली पहिली औषध कंपनी. १९५४ साली स्थापन झालेली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनवायला लागलेली.

मलाही हे कळायचं काही कारण नव्हतं. ते कळलं आईच्या इंजेक्शनमुळे.

आई चौदा-पंधरा वर्षांची असताना गावी तिला ताप आला आणि सांधे सुजले. आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, मग मनगट. घरच्यांनी ‘वात आहे’ म्हणून शेक दिला, कसलासा लेप लावला. दोन-तीन आठवड्यांत ती उठून शेतात जायला लागली. गोष्ट तिथेच संपली असं सगळ्यांना वाटलं. पुढे माझ्या वेळी सहाव्या महिन्यात तिला जिना चढता येईना, आडवं झालं की दम लागायचा, तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. तो ‘वात’ म्हणजे संधिवाताचा ताप होता. घशात एक साधा जंतू होतो, स्ट्रेप्टोकॉकस नावाचा. त्याच्याशी लढताना काही मुलांचं शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात. झडप होत नाही. आईची डावीकडची झडप आखडून अरुंद झाली होती. पुढे फुगा घालून ती रुंद करावी लागली. आमच्या घरात त्याला ‘बलून केलं’ असंच म्हणतात.

त्यानंतर डॉक्टरांनी दिलेलं औषध म्हणजे दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. बारा लाख युनिट. घशाचा तो जंतू पुन्हा आला तर झडपेवर पुन्हा घाव बसू शकतो. तो येऊच नये म्हणून हे. पांढरी पावडर असते, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून जोरात हलवायचं, आणि दुधासारखं झालेलं ते मिश्रण सुईत अडकायच्या आत कमरेखाली खोल टोचायचं. दुखतं. एक दिवस आई एका कुशीवरच झोपते. पण या इंजेक्शनमध्ये एक मोठा गुण आहे, तो म्हणजे ते स्वस्त आहे. एका बाटलीला बाहेरच्या एका साध्या नाश्त्याहून कमी पैसे लागतात. हा आजार ज्या घरांत होतो, म्हणजे जिथे एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात आणि घसा दुखला म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही, त्या घरांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

काही वर्षांपूर्वी ते मिळेनासं झालं.

पहिल्या दुकानात ‘उद्या या’ म्हणाले. दुसऱ्यात ‘कंपनीकडूनच माल येत नाही’. मी स्कूटर काढून पिंपरी, चिंचवड, निगडी पालथं घातलं. मोठ्या हॉस्पिटलांबाहेरची दुकानंही झाली. एका मेडिकलवाल्या दादांनी संगणकात पाहिलं, होलसेलवाल्याला माझ्यासमोरच फोन लावला आणि मग म्हणाले, ‘‘ताई, महागडं अँटिबायोटिक हवं असेल तर दहा कंपन्यांचं देतो. हे एवढं स्वस्त आहे की यात कुणालाच काही सुटत नाही. कोण बनवणार?’’

तेविसाव्या दिवशी पुण्यात एका ओळखीच्या नर्समावशींनी दोन बाटल्या मिळवून दिल्या. आईला काही झालं नाही. पण त्या दादांचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी ज्या रस्त्यानं दुकानं शोधत फिरत होते, त्याच रस्त्याच्या कडेला एच.ए.ची लांबच लांब भिंत आहे. पेनिसिलिन देशातच बनावं, म्हणून ज्या गावात कारखाना उभारला, त्याच गावात मी पेनिसिलिन शोधत होते. हे असं का झालं, हे मी तेव्हापासून वाचत आणि विचारत आले आहे.

* * *

पेनिसिलिनची गोष्ट शाळेत आपण १९२८ साली संपवतो. फ्लेमिंग, बुरशी, खिडकीजवळची काचेची बशी. पण बुरशी जंतू मारते हे दिसणं आणि दुकानात औषध मिळणं, यांत जे अंतर आहे तीच खरी गोष्ट. १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटानं एका पोलिस शिपायाला पेनिसिलिन दिलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतुसंसर्ग पसरून तो मरायला टेकला होता. औषध दिल्यावर तो सुधारू लागला, खायला लागला. पण साठा एवढा तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत होते. मग तेही संपलं. संसर्ग उलटला आणि तो गेला. औषध लागू पडत होतं. ते पुरेसं नव्हतं, एवढंच.

हा प्रश्न अमेरिकेत सुटला, आणि युद्धामुळे सुटला. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेला बाजारातल्या एका खरबुजावर जास्त उत्पन्न देणारी बुरशी सापडली. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी तिला फार मानवतं हे कळलं. बश्यांऐवजी मोठमोठ्या टाक्यांत, खालून हवा सोडून, सतत ढवळत ती वाढवता येते हे जमलं. युद्ध संपेपर्यंत पेनिसिलिन हे कारखान्यात बनणारं औषध झालं होतं.

स्वतंत्र भारताकडे यातलं काहीच नव्हतं. पेनिसिलिन आयात व्हायचं. परदेशी कंपन्या औषध विकायला तयार होत्या, पण ते बनवायचं कसं हे शिकवायला फारशा नव्हत्या. शिकवलं तरी गुप्ततेच्या अटी आणि रॉयल्टी. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी हे आग्रहानं सांगत होते की, जीव वाचवणारी औषधं सरकारनं स्वतः बनवली पाहिजेत. हेच सोखी पुढे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले. भारतानं अखेर खासगी कंपनीऐवजी संयुक्त राष्ट्रांचा रस्ता धरला. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञ दिले, जमीन आणि उरलेला पैसा भारत सरकारचा. या व्यवस्थेत एक गोष्ट वेगळी होती. कारखान्यातलं ज्ञान कुलपात ठेवायचं नव्हतं. ते इतरांना शिकायला खुलं असणार होतं.

जागा ठरली पुण्याजवळची पिंपरी. तेव्हाची पिंपरी म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव, जवळून रेल्वे, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. मार्च १९५६ मध्ये नेहरू उद्‌घाटनाला आले. आज आपण ज्याला औद्योगिक नगरी म्हणतो तिच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. वाहनांचे कारखाने वगैरे पुढे आले.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, त्यांनी उमेदीची वर्षं या कारखान्यात काढली. टाक्यांच्या विभागात, तीन पाळ्यांमध्ये. मी त्यांना विचारलं की पेनिसिलिन बनवतात म्हणजे नक्की काय करतात. ते म्हणाले, ‘‘तुझी आजी दह्याला विरजण लावते ना, तसं. फक्त भांडं दोन-तीन मजली असतं आणि त्यात दुसरा एक जरी जंतू शिरला तरी सगळं गटारात.’’

मग त्यांनी नीट समजावलं. आधी बाटलीत जपून ठेवलेली बुरशी थोडी वाढवायची. ती लहान टाकीत, तिथून मध्यम टाकीत, तिथून मोठ्या टाकीत. प्रत्येक टाकी, प्रत्येक पाइप, प्रत्येक व्हॉल्व वाफेनं निर्जंतुक केलेला. आत जाणारी हवासुद्धा गाळलेली. तापमान एक-दोन अंशांनी हललं तर उत्पन्न पडतं. काही दिवसांनी बुरशी गाळून टाकायची आणि उरलेल्या पाण्यातून पेनिसिलिन काढायचं. तेही थंडगार ठेवून आणि झटपट, कारण आम्लात ते फार वेळ टिकत नाही. वीज गेली की सगळ्यांचा श्वास अडकायचा, कारण हवा आणि ढवळणं थांबलं की आतली बुरशी गुदमरते. हे सांगताना काकांचे हात हवेत व्हॉल्व फिरवत होते.

* * *

हा कारखाना नुसती नक्कल करत नव्हता, ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त आवडली. एच.ए.ची स्वतःची संशोधन शाखा होती. तिचे प्रमुख होते एम. जे. थिरुमलाचार, मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. मातीत राहणारे सूक्ष्मजीव एकमेकांशी लढण्यासाठी रसायनं बनवतात, आणि आपली बरीच प्रतिजैविकं तिथूनच आली आहेत. म्हणून या लोकांनी मातीचे नमुने तपासायला सुरुवात केली. १९६१च्या सुमारास त्यांना एक नवं औषध मिळालं. जंतूंवर नव्हे, बुरशीवर चालणारं. त्याचं नाव ठेवलं हॅमायसिन. त्यातलं ‘हॅ’ म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे आपली पिंपरी लॅटिनमध्ये जाऊन बसली. शरीराच्या आत पसरणाऱ्या बुरशीच्या गंभीर आजारावर अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही हॅमायसिन वापरून पाहिलं. याच प्रयोगशाळेतून ऑरिओफंगिन आलं, जे पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलं गेलं.

पेनिसिलिननंतर स्ट्रेप्टोमायसिन आलं. क्षयरोगावरचं त्या काळातलं मुख्य हत्यार. पण त्यासाठी एच.ए.ला अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार करावा लागला. पहिल्या वेळचा खुला रस्ता दुसऱ्या वेळी मिळाला नाही. पुढे सोव्हिएत मदतीनं आय.डी.पी.एल. ही दुसरी सरकारी औषध कंपनी उभी राहिली. तिचा प्रतिजैविकांचा कारखाना ऋषिकेशला. एच.ए.नं राज्य सरकारांबरोबर भागीदारीत कंपन्या काढल्या, नागपूरला महाराष्ट्राबरोबर, बंगळुरूला कर्नाटकाबरोबर. भारतात हजारो माणसं मोठ्या टाक्यांत औषध पिकवायला शिकली, ती या कारखान्यांत. त्यातले कित्येक जण पुढे खासगी कंपन्यांत गेले. आज आपण ‘जगाचं औषधालय’ म्हणून मिरवतो, त्याच्या पायात हे शिक्षण आहे.

मग बिघडलं काय?

‘सरकारी कंपनी होती, बुडणारच’ हे उत्तर सोपं आहे आणि त्यात तथ्यही आहे. औषधाच्या धंद्यात दर काही वर्षांनी तंत्र बदलतं. जास्त उत्पन्न देणारी नवी बुरशी आणावी लागते, टाक्या बदलाव्या लागतात. यासाठी निर्णय पटकन व्हावा लागतो, आणि इथे प्रत्येक मोठ्या खर्चाची फाइल दिल्लीला जायची. दुसरीकडे, १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं आणि फक्त बनवण्याच्या पद्धतीवरचं ठेवलं. त्यामुळे भारतीय खासगी कंपन्यांना मोकळं रान मिळालं. त्या चपळ होत्या, नवी औषधं उचलत होत्या, डॉक्टरांच्या दारात त्यांचे प्रतिनिधी उभे होते. एच.ए. प्रामुख्यानं सरकारी दवाखान्यांना माल पुरवत होती, नियंत्रित किमतीला.

पण सरकारी असणं हे एकच कारण धरलं तर पुढची गोष्ट समजत नाही. कारण पेनिसिलिन बनवणाऱ्या खासगी भारतीय कारखान्यांचंही तेच झालं. १९९१ नंतर आयात मोकळी होत गेली, आयातशुल्क उतरलं. चीननं प्रचंड मोठे कारखाने उभे केले. पेनिसिलिनच्या धंद्यात आकाराला फार महत्त्व आहे. टाकी जितकी मोठी, वीज आणि वाफ जितकी स्वस्त, तितका किलोमागे खर्च कमी. चिनी पेनिसिलिन-जी इथे पोचल्यावर इथल्या उत्पादनखर्चापेक्षा स्वस्त पडायला लागलं. ज्यांना ते विकत घ्यायचं होतं, म्हणजे त्यापासून गोळ्या आणि कॅप्सूल बनवणाऱ्या भारतीय कंपन्या, त्यांच्यासाठी ही पर्वणी होती. त्यांनी चीनकडून घेतलं, आपली तयार औषधं जगभर विकली आणि मोठ्या झाल्या. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला. त्या सगळ्या शहाण्या निर्णयांची बेरीज अशी झाली की देशात पेनिसिलिन-जी बनणं थांबलं.

आणि पेनिसिलिन-जी म्हणजे फक्त आईचं इंजेक्शन नव्हे. सर्दी-खोकल्याला आपण नको तितक्या वेळा खातो ती अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल त्याच्यापासूनच पुढे बनते. अँपिसिलिन तसंच. सेफॅलेक्सिनसारख्या काही औषधांचीही मुळं तिथेच. मुळाशी असलेली वस्तू एका देशाकडे आणि वरची पानंफुलं आपल्याकडे, अशी ही वाटणी.

१९९७ मध्ये एच.ए. आजारी उद्योग म्हणून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गेली. २००६ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना आली, पण गाडी रुळावर राहिली नाही. २०१६च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं की, देणी भागवण्यासाठी पिंपरीची सुमारे ८७ एकर मोकळी जमीन विकायची. २०१९च्या जुलैत मंत्रिमंडळानं एच.ए., आय.डी.पी.एल. आणि राजस्थानची सरकारी औषध कंपनी यांच्या कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी ३३०.३५ कोटींचं कर्ज मंजूर केलं. ज्या कंपनीच्या बातम्या एके काळी बुरशी आणि टाक्यांच्या होत्या, त्या आता एकर आणि कोटींच्या झाल्या. कर्नाटकातली ती भागीदारी कंपनी मात्र सरकारी असूनही नफ्यात चालत राहिली. म्हणूनही ‘सरकारी म्हणजे बुडणार’ हे मला पुरेसं वाटत नाही.

* * *

मी सोसायटीतल्या काकांना विचारलं, ‘‘काका, कारखाना जसा होता तसाच चालू ठेवायला हवा होता का?’’ मला वाटलं ते ‘हो’ म्हणतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘जसा होता तसा नाही. जुन्या टाकीत तोट्यात पेनिसिलिन काढून सरकारच्या गळ्यात मारायचं, याला काही अर्थ नाही. पण कुणीतरी करायला हवं होतं. आम्ही नाही तर दुसऱ्या कुणी. इथे झालं काय, की आम्ही थांबलो आणि दुसरं कुणीच नव्हतं.’’

मेडिकलवाल्या दादांचं आणि काकांचं म्हणणं एकत्र ठेवलं की मला चित्र दिसायला लागतं. आपण औषधाबद्दल बोलतो तेव्हा नेहमी किमतीबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. ज्या देशात आजारपण माणसाला कर्जात घालतं तिथे किमतीवर सरकारचं नियंत्रण हवंच. आमच्या घराला विचारा. पण स्वस्त असणं आणि मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत ठरवणारा कायदा कंपनीला सांगू शकतो की याहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. तोट्यात असलं तरी कायम बनवत राहा, असं तो वर्षानुवर्षं वदवून घेऊ शकत नाही. कच्चा माल महागला, नफा गेला, की कंपनी आधी कमी बनवते, मग हळूच ते औषध सोडते. त्याची बातमी होत नाही. दुकानात ‘उद्या या’ एवढंच ऐकू येतं. बेंझाथिन पेनिसिलिनचा तुटवडा अनेक देशांत झाला, त्यामागेही हेच होतं: मूळ पावडर बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि औषध इतकं स्वस्त की नव्यानं कुणी त्यात यायला तयार नाही.

एच.ए. काढली तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र विचारात घेतल्या होत्या. औषध परवडलं पाहिजे आणि ते बनवणारं कुणीतरी बांधील असलं पाहिजे. पुढे आपण पहिली अर्धी गोष्ट कायद्यात ठेवली. दुसरी अर्धी बाजारावर सोडली, आणि त्याची चर्चाही फारशी केली नाही.

जाग आली ती कोरोनामुळे. २०२०च्या सुरुवातीला चीनमधले कारखाने बंद झाले, तेव्हा आपल्या औषधांचं मूळ कुठे आहे हे सगळ्यांना एकदम दिसलं. ३ मार्च २०२० रोजी भारतानं २६ औषधं आणि त्यांच्या कच्च्या मालाच्या निर्यातीवर बंधनं घातली. त्याच महिन्यात मूळ औषधी द्रव्यं देशात बनवणाऱ्यांसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिच्या यादीत पेनिसिलिन-जी होतं. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ ऑरोबिंदोच्या उपकंपनीचा पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. सुमारे तीन दशकांनी हे औषध पुन्हा भारतात पिकायला लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, कारण त्या किमतीत ती बनवणं परवडत नाही, असं कंपन्या सांगत होत्या. त्या आठांमध्ये बेंझिल पेनिसिलिन होतं आणि स्ट्रेप्टोमायसिन होतं. पिंपरीची पहिली दोन औषधं. बातमी वाचून सोशल मीडियावर लोक चिडले होते, ‘औषधं पन्नास टक्क्यांनी महाग’. मी चिडू शकले नाही. दहा रुपयांना न मिळणाऱ्या औषधापेक्षा पंधरा रुपयांना मिळणारं औषध मला हवं आहे. पण त्या पाच रुपयांच्या बदल्यात ते कायम मिळेल अशी हमी कुणी दिली आहे का, हा प्रश्न मात्र मला पडला.

काकीनाड्याचा कारखाना हीसुद्धा एक खासगी कंपनी आहे, आणि प्रोत्साहन योजना काही वर्षांची असते. उद्या चीननं भाव पाडले तर तिच्यापुढेही तोच हिशोब येईल, जो नव्वदच्या दशकात इतरांपुढे आला होता. म्हणून मला वाटतं की आपण नव्या कारखान्याच्या बातमीवर समाधान मानू नये. काही मोजकी औषधं अशी आहेत की ती जुनी आहेत, स्वस्त आहेत, त्यांची जाहिरात कुणी करत नाही आणि त्यांच्याशिवाय लोक मरतात. त्यांची यादी करणं अवघड नाही. प्रत्येकासाठी देशात किमान दोन ठिकाणी उत्पादन हवं. सरकारनं काही वर्षांची खरेदी आधीच कबूल करायला हवी, आणि कंपनीला एखादं औषध सोडायचं असेल तर तिनं ते पुरेसं आधी जाहीर करायला हवं. नोटीस देण्याची तरतूद आपल्या किंमत नियंत्रण आदेशात आहेही. पण ती नोटीस मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोचत नाही. हे काम सरकारी कंपनीनं करायचं की खासगी, यावर आपण खुशाल भांडू. पण कुणीतरी बांधील हवं, यावर भांडण नको.

सध्या आईचं इंजेक्शन मिळतं. परवा मी बाटलीवरचं लेबल भिंग घेऊन नीट वाचलं. औषधाचं नाव, युनिट, बॅच क्रमांक, मुदत, कमाल किंमत, बाटली भरणाऱ्या कंपनीचा पत्ता, सगळं होतं. आतली पांढरी पावडर कुठल्या देशात, कुठल्या टाकीत तयार झाली, हे मात्र नव्हतं. ते लिहायचं बंधन नाही. आईनं विचारलं, ‘‘काय शोधतेस एवढं?’’ मी म्हटलं, ‘‘कुठलं आहे ते बघते.’’ ती म्हणाली, ‘‘कुठलंही असू दे, पुढच्या वेळचं आत्ताच आणून ठेव.’’ मी आणलं. पण प्रत्येक घरानं दोन बाटल्या साठवून ठेवणं हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. उलट, त्यामुळे तिसऱ्या घराला ते मिळत नाही.